घरात बसून जोपासलेला छंद हलका कसा?

पोस्टाचं_तिकीट
काल 'पहाटे_पाचला' यांनी आपल्या या चर्चेच्या पानावर लिहिलं की ज्यात घाम निघत नाही तो छंदच नाही. कॅरम, विणकाम, तिकिटं जमवणं हे भिंतीआड बसणाऱ्यांचे चोचले. खरा छंद म्हणजे टेकडी, गड, सायकल, पोहणं. खाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली. मला रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी 34 वर्षं पोस्टाची तिकिटं जमवते. सुरुवात वडिलांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून झाली. त्यात गांधीजींचं दीड आण्याचं तिकीट होतं, कापलेल्या पाकिटाच्या तुकड्याला चिकटलेलं. थाळीत साधं पाणी घेऊन त्यावर तो तुकडा सोडला. अर्ध्या तासाने कागद आपसूक सुटला. चिमट्याने उचलून तिकीट टीपकागदावर पालथं घातलं आणि वर शब्दकोश ठेवला. दुसऱ्या दिवशी भिंग धरलं तर देवनागरीत आणि उर्दूत 'बापू' लिहिलेलं. मग कळलं की हे 15 ऑगस्ट 1948 ला निघालेल्या चार तिकिटांपैकी एक, आणि ती चारही स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली होती. आयुष्यभर खादीचा आग्रह धरलेल्या माणसाचं तिकीट परदेशी छापखान्यातून यावं, हे मला फार टोचलं आणि मी त्या काळाबद्दल वाचायला लागले. आजही वाचते आहे.

आपल्याकडच्या पावसाळी हवेत तिकिटामागचा गोंद ओल धरतो आणि पान पानाला चिकटतं. जुलैपासून दर आठवड्याला अल्बम पंख्याखाली उघडून एकेक पान उलटत बसते. घाम निघत नाही, कबूल. पण याला वेळ घालवणं म्हणायचं?

पहाटे_पाचला
ताई, तुम्हाला उद्देशून लिहिलं नव्हतं. पण मुद्दा मागे घेणार नाही. 56 व्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पहिल्या दिवशी आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या निम्म्यात धाप लागून दगडावर बसलो होतो. आज 67 चा आहे आणि 11 वर्षांत आजारपण सोडून एकही पहाट चुकवलेली नाही. आमच्या सोसायटीतली मुलं सुट्टीत क्लबहाऊसमध्ये एका सोफ्यावर पाचजण बसतात, प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. विचारलं तर म्हणतात, "काका, आमचा छंद आहे." मी लिहिलं ते त्यांच्यासाठी.

विणते_मी
मग त्यांच्यासाठी म्हणून लिहायचं होतं, विणकामाला मध्ये कशाला ओढलंत? माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. कुठली टेकडी आणि कुठला गड? त्यांच्या उशाशी बसून मी विणायला लागले. टाके मोजताना तेवढा वेळ डोकं शांत राहायचं. बाहेर पडता येणं हीसुद्धा चैन असते, हे टेकडीवाल्यांच्या लक्षात येत नाही.

सिंहगड_दर_रविवारी
ताईंची अडचण खरीच. पण धडधाकट माणसाने घरात बसावं का, असा प्रश्न होता. मी सिंहगड पायथ्याच्या आतकरवाडीतून चढतो. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, त्याची सर घरातल्या कशालाच नाही.

आता विषय निघालाच आहे तर बोलतो. हल्ली रविवारी पायवाटेवर प्रत्येक घोळक्यात एकाच्या पाठीवर स्पीकर. चारी बाजूंनी चार गाणी. परवा एका मुलाला म्हटलं, "बाळा, बंद कर, पक्षी ऐकू दे." त्याने आवाज वाढवला. घाटरस्त्यावर गाड्यांची रांग वेगळीच. गाडीने वर जायचं, भजी खायची, फोटो काढायचा आणि उतरायचं. ह्यांना बाहेरच्या छंदाचे लोक म्हणायचं का?

कॅरम_आणि_चहा
म्हणजे बाहेर जाऊनही छंद होतोच असं नाही, हे तुम्हीच सांगितलंत.

घरातला आणि बाहेरचा ही वाटणीच मला पटत नाही. बॅडमिंटन कुठे टाकाल? इंग्रज अधिकारी हा खेळ इथे पुण्यात खेळायचे, तेव्हा त्याला 'पूना' म्हणत. त्याचे सुरुवातीचे नियम 1873 मध्ये इथेच लिहिले गेले असं सांगतात. तेव्हा तो मोकळ्या अंगणात चालायचा, आज छताखाली चालतो. आणि जमवाजमवीला हिणवणाऱ्यांनी एकदा बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात जावं. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे जमवायला गावंच्या गावं पालथी घातली. 20,000 च्या घरात वस्तू आहेत. संग्रहाला नाव दिलं लहानपणी गेलेल्या मुलाचं. घाम निघाला नसेल त्यांचा?

पहाटे_पाचला
केळकरांचं उदाहरण मान्य. पण ते घराबाहेर पडले म्हणून जमवू शकले. आणि मी टेकडीवर नुसता चालत नाही. रोज दोन लिटरच्या दोन बाटल्या खांद्यावरून वर नेतो आणि झाडांना घालतो. 40 झाडं लावली, 26 जगली.

कुसळी
काका, कुठली झाडं?

पहाटे_पाचला
गुलमोहर, पिंपळ, वड, थोडी बकुळ. माथ्यावर, जिथे काहीच नव्हतं तिथे.

कुसळी
"काहीच नव्हतं" हे वाचून राहवलं नाही. तिथे गवत होतं. वेताळ टेकडीचा माथा मुळात गवताचा आणि विरळ झाडांचा: सालई, मोई, गणेर, मध्ये कुसळी गवत. एप्रिलमध्ये वाळून पिवळं असतं म्हणून लोकांना उजाड वाटतं, पण पहिल्या पावसानंतर आठवड्यात हिरवं होतं. चंडोल पक्षी घरटं झाडावर करत नाही, जमिनीवर गवताच्या बुडाशी खळगा करून अंडी घालतो. तिथेच आपण कुदळ घेऊन खड्डे मारतो. गुलमोहर तर मादागास्करचा. आधीच उतारच्या उतार गिरिपुष्पाने भरलेत. ते झाड मध्य अमेरिकेतलं. झपाट्याने वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लावलं, आणि आता त्याच्याखाली गवताचं पातं दिसत नाही. 11 वर्षं रोज त्याच टेकडीवर जाऊन तिथे काय आहे हे दिसलं नसेल, तर त्या चालण्याला छंद का म्हणायचं?

पहाटे_पाचला
तुमचं वय काय? बायको गेली त्या वर्षी मी पहिलं झाड लावलं. रोज चार किलो वजन वर नेणं म्हणजे काय ते आधी करून बघा, मग शिकवा.

सिंहगड_दर_रविवारी
कुसळी, जरा जपून. आमच्या लहानपणी टेकडी बोडकी होती, खाणीतून दगड निघायचा. आज सावली आहे ती असल्याच माणसांमुळे. गिरिपुष्प शेंगवर्गातलं आहे, जमिनीत नत्र धरतं. शेतकरी त्याचा पाला खत म्हणून वापरतात. सगळंच वाईट कसं?

कुसळी
बांधावर चांगलंच आहे. टेकडी हा बांध नाही. आणि काका, काकूंचं मला माहीत नव्हतं, त्याबद्दल माफी मागते. मुद्द्याबद्दल नाही. मी 29 वर्षांची आहे. मागच्या जूनमध्ये माथ्यावरच्या एका खड्ड्याशेजारी चंडोलाचं फुटलेलं अंडं बघितलं. बोटाच्या पेरापेक्षा लहान, करड्या ठिपक्यांचं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तेच जास्त लागलं.

विणते_मी
एका झाडावरून एवढं रण? माणसं पाणी घालतायत, घालू द्या.

कुसळी
ताई, चुकलेला टाका दिसला तर तुम्ही उसवता ना?

विणते_मी
उसवते. पण दुसऱ्याच्या हातातली सुई ओढून घेत नाही.

पोस्टाचं_तिकीट
मी तिकिटांबद्दल लिहिलं होतं आणि आपण चंडोलाच्या अंड्यावर येऊन पोचलो. पण मला तक्रार नाही. कुसळी, तुझं ते करड्या ठिपक्यांचं अंडं आणि माझं भिंगाखालचं 'बापू' मला एकाच जातीचं वाटतं. फक्त तू फार कडक बोललीस.

पहाटे_पाचला
दोन दिवस काही लिहिलं नाही. आज सकाळी माथ्यावर मुद्दाम बाटल्या खाली ठेवून अर्धा तास गवतापाशी थांबलो. एक भुरा पक्षी गात गात सरळ वर गेला आणि दगडासारखा खाली उतरला. 11 वर्षांत मी तो पाहिला नव्हता. गुलमोहर लावणं चुकलं असेल. पुढे माथ्यावर खड्डे घेणार नाही. पण जी 26 जगली त्यांना या उन्हाळ्यात पाणी घालणार, त्यावर कुणी काही बोलू नये.

कुसळी
नाही बोलणार. पण त्यांच्या बिया आजूबाजूला रुजलेल्या दिसल्या तर उपटा, एवढं तरी करा.

पहाटे_पाचला
बघू.

पोस्टाचं_तिकीट ताई, तुमच्याशी अजून सहमत नाही. मुलांनी आधी बाहेरच जावं. पण एक विचारायचं आहे. हिची लग्नाआधीची पत्रं कपाटात आहेत, 1981-82 ची. तिकिटं चांगली आहेत. तुमच्यासारखी पाण्यात सोडून काढली तर टिकतील का?

पोस्टाचं_तिकीट
काढू नका. कात्रीसुद्धा लावू नका. माझ्या वडिलांनी पाकीट कापून फक्त तिकीट ठेवलं, म्हणून ते कुणी कुणाला पाठवलं होतं हे मला आजवर कळलं नाही. शिक्क्यावर गाव असतं, तारीख असते. पत्र पाकिटातच राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरते. बटर पेपरच्या घड्यांमध्ये ठेवा, आडवी, वर वजन नको. पावसाळ्याआधी एकदा बाहेर काढून वारा द्या.