स्वस्त बेस गिटारवर खर्च करावा, की ती विकून दुसरी घ्यावी?

खर्जवेडा (पुणे):
नमस्कार. माझ्याकडे फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या घाटणीची, चार तारांची, शिकाऊ लोकांसाठी असते तशी स्वस्त बेस गिटार आहे. सध्या तिच्यात चार अडचणी जाणवतात. इ तार (सर्वांत जाड, खर्जाची) पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) खरखरते, बाराव्या फ्रेटवरचा स्वर चढा लागतो, आवाजाचा नॉब फिरवला की कर्रकर्र ऐकू येते आणि तारांवरून हात काढताच ॲम्पमध्ये घुमणारा आवाज सुरू होतो, जो तारेला हात लावला की थांबतो. पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि ब्रिज (तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात तो भाग) दोन्ही बदलून घ्यावेत असे मित्र सुचवतात, परंतु त्याचा खर्च मूळ गिटारच्या किमतीच्या जवळ जातो. तेवढेच पैसे घालायचे तर ही विकून यामाहाची टीआरबीएक्स ३०४ का घेऊ नये, असाही विचार मनात येतो. घरी मी सहा तारांच्या गिटारसाठी असलेल्या लहान ॲम्पवर वाजवतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चारतारी (ठाणे):
आपण सांगितलेल्या चार अडचणींपैकी एकही नवा पिकअप बसवल्याने दूर होणार नाही, त्यामुळे तो विचार तूर्त बाजूला ठेवावा. खरखर फक्त खालच्या पाच फ्रेटांवर होत असेल, तर नेक (गिटारची दांडी) गरजेपेक्षा सरळ झाला आहे किंवा मागे वाकला आहे, अशी शक्यता सर्वांत जास्त असते. इ तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट उरते ते पाहा. तिथे साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एखादे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी जागा हवी. फट नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक जुळवणारा धातूचा दांडा) घड्याळाच्या उलट दिशेने किंचित सैल करावा लागतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, आणि प्रत्येक वेळी सूर पुन्हा लावून मगच मोजावे. पावसाळ्यात लाकूड ओलावा घेते आणि नेकचा बाक बदलतो, म्हणून हे काम आपल्याकडे वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा करावे लागले तरी त्यात गिटारचा दोष मानू नये.

बाराव्या फ्रेटचा प्रश्न ब्रिजवरच सुटतो, पण त्याआधी तारा नव्या घाला, कारण घाम आणि मळ साचून जुन्या तारेचे वजन सर्वत्र सारखे राहत नाही आणि अशा तारेवर केलेली जुळवणी टिकत नाही. बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून मिळणारा हार्मोनिक आणि तिथेच तार दाबून मिळणारा स्वर यांची ट्यूनरवर तुलना करा. दाबलेला स्वर चढा असेल तर त्या तारेचे सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो ठोकळा) नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) दूर, मागे सरकवा. जड, महागडा ब्रिजही हेच काम करतो, फक्त त्याचे स्क्रू जास्त मजबूत असतात.

वायरमन (नाशिक):
घुमण्याबद्दल थोडे लिहितो. हात लावल्यावर आवाज थांबतो याचा अर्थ ब्रिजकडे जाणारी अर्थिंगची तार शाबूत आहे. आपले शरीर आसपासच्या वायरिंगमधला गोंगाट गोळा करत होते, त्याला वाट मिळाली एवढेच. १९५७ पासूनच्या प्रिसिजन बेसमधला दोन तुकड्यांचा पिकअप मुळात हम (घुमणारा आवाज) रद्द करणारा असतो, त्यामुळे संशय पिकअपवर न घेता आतल्या खोबणीच्या शिल्डिंगवर (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणावर) घ्यावा. चिकट तांब्याची पट्टी आणून खोबण आतून पूर्ण मढवा, पट्ट्या एकमेकींना सोल्डरने जोडा आणि त्या अर्थिंगला जोडायला विसरू नका. त्याहीआधी घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कित्येक जुन्या घरांत तिसरे छिद्र नुसते शोभेचे असते, आणि तारांना सतत हात लावून बसणाऱ्या माणसासाठी ही बाब गोंगाटापेक्षा फार गंभीर आहे.

नॉबच्या कर्रकर्रीसाठी पॉटमध्ये (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून तो काही वेळ मागे-पुढे फिरवावा. फरक पडला नाही तर २५० किलोओहमचा नवा पॉट बसवावा, मात्र मोठ्या आकाराच्या अमेरिकी पॉटला ३/८ इंचाचे छिद्र लागते आणि स्वस्त गिटारचे छिद्र बहुधा त्याहून लहान असते, हे आधी मोजून घ्यावे.

सपाटतार (मडगाव):
वरच्या दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु विकण्याचा पर्याय इतक्या सहज निकालात काढू नये. पिकअप, पॉट, ब्रिज, खुंट्या सगळे बदलता येते. नेकची रुंदी, तारेची लांबी आणि लाकडाचे वजन व्यवहारात बदलता येत नाही. प्रिसिजन घाटणीचा नेक नटपाशी साधारण ४१ ते ४४ मिलिमीटर रुंद असतो, तर फेंडरच्याच जॅझ बेसचा सुमारे ३८. आपल्या बोटांना पहिल्या चार फ्रेटांवर ताण पडत असेल, तर या गिटारवर घातलेला प्रत्येक रुपया वाया जाईल, कारण विकताना सुधारणांचे पैसे कोणी देत नाही. टीआरबीएक्स ३०४ अॅक्टिव्ह आहे, म्हणजे तिच्यात ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल लावून ठेवली तर ती उतरत राहते, हेही लक्षात असू द्या.

आवाजच वेगळा हवा असेल, तर पिकअपच्या आधी फ्लॅटवाउंड तारा (चपट्या तारेने गुंडाळलेल्या, वरून गुळगुळीत) लावून पाहाव्यात असे मी सुचवेन. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादक जेम्स जेमर्सन प्रिसिजन बेसवर अशाच तारा वाजवत, आणि तुटल्याशिवाय त्या बदलत नसत असे सांगितले जाते. या तारांचा ताण बऱ्याचदा जास्त असतो, त्यामुळे त्या लावल्यावर ट्रस रॉड पुन्हा पाहावा लागेल.

आणि तो लहान ॲम्प! खुल्या इ तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. तो लहानसा स्पीकर त्यातला फारच थोडा भाग ऐकवतो, आणि जोरात वाजवले तर त्याचा कोन फाटू शकतो. माझ्या मते आपल्या पैशांवर पहिला हक्क बेसच्या ॲम्पचा आहे, आणि तो पुढच्या गिटारलाही उपयोगी पडेल.

खर्जवेडा (पुणे):
सर्वांचे आभार. व्हिजिटिंग कार्ड सातव्या फ्रेटपाशी अजिबात सरकले नाही, म्हणजे नेक सरळच झालेला दिसतो. नेकची रुंदी मला मानवते, त्यामुळे गिटार ठेवतो आणि तारा, शिल्डिंग व जुना का होईना पण बेसचा ॲम्प यांवर पैसे घालतो. ट्रस रॉडची किल्ली मात्र गिटारबरोबर मिळाली नव्हती.

चारतारी (ठाणे):
किल्लीचे माप अंदाजाने ठरवू नका. मिलिमीटरच्या आणि इंचाच्या ॲलन किल्ल्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात, पण सैल बसणारी किल्ली ट्रस रॉडच्या नटचे कोपरे झिजवते आणि मग दुरुस्ती फार महाग पडते. दोन्ही मापांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. जी किल्ली अजिबात न हलता घट्ट बसेल तीच वापरा.