तिसरा आणि पाचवा गिअर घसरतो, पी०७३३ व पी०७३५ (या दोन गिअरांचं गुणोत्तर चुकल्याचे कोड) येतात: गिअरबॉक्स उघडावा का?

प्रश्न (बीड)
आयसिन कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ९२,००० किमी. एप्रिलमध्ये ऑइल बदललं, त्यानंतर त्रास सुरू. मांजरसुंब्याचा घाट चढताना तिसऱ्यात आरपीएम एकदम वर जातो, गाडी ओढत नाही, मग लिंप मोड (गाडी स्वतःला वाचवायला मर्यादित गिअरांतच चालते). बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. गॅरेजवाले ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) म्हणताहेत. आधी स्पीड सेन्सर बदलून बघू का?

उत्तर (लातूर)
सेन्सरला हात लावू नका भाऊ. तो किंवा वायर खराब असती तर सगळ्याच गिअरांचं गुणोत्तर (आत येणारे आरपीएम भागिले बाहेर जाणारे) बिघडलं असतं, सोबत बहुधा सेन्सरचाच कोड पी०७१५ नाहीतर पी०७२० आला असता. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात टर्बाइन (गिअरबॉक्समध्ये आत येणारा) आणि आउटपुट (बाहेर जाणारा) शाफ्टचे आरपीएम लावा. इंजिनचा नको! कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलचा जोड) लॉक नसताना तो टर्बाइनपेक्षा जास्तच असतो, आणि नेमक्या याच गैरसमजातून चांगले गिअरबॉक्स उघडले जातात. या प्रकारात गुणोत्तरं बहुतेक ४.१४८, २.३७०, १.५५६, १.१५५, ०.८५९, ०.६८६ अशी असतात. आउटपुट १,२०० असताना तिसऱ्यात टर्बाइन १,८६७ च्या आसपास हवं. २,१०० दिसलं तर गुणोत्तर १.७५, म्हणजे क्लच घसरतोय. आउटपुट सेन्सर कोणत्या शाफ्टवर आहे त्यानुसार आकडा बदलतो, म्हणून आधी न घसरणाऱ्या चौथ्यात ताळा करून घ्या. मॅन्युअल मोडमध्ये एकेक गिअर धरून चढावर बघा.

उत्तर (नांदेड)
ऑइल कोणत्या वेळी बदललं? ओव्हरफ्लोच्या बोल्टवर पातळी बघायची ती साधारण ३५ ते ४५ अंशांवर. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीचं ऑइल स्टार्टर मारण्याआधीच चाळिशीत असतं, गिअरचा दांडा पी-आर-एन-डी असा फिरवेपर्यंत ती मर्यादा ओलांडून जातं. तापलेलं ऑइल फुगतं, ‘जास्तीचं’ म्हणून वाहून जातं, आणि प्रत्यक्षात गिअरबॉक्स कमी भरलेला राहतो. चढावर ऑइल एका बाजूला सरकलं की गाळणी हवा ओढते, प्रेशर पडतं. सकाळी लवकर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, तापमान स्कॅनरवर बघत भरा. बारीक धार थांबून थेंब पडू लागले की बोल्ट बंद. दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका: तपकिरी चालेल, पण जळका वास आणि काळी पूड असेल तर क्लचच्या प्लेटा गेल्या.

प्रश्नकर्ता
६०० मिली कमी होतं! तपकिरी आहे, वास नाही. आता सपाटीवर पाचव्याचं गुणोत्तर ०.८६. चढावर तिसरा अजून १.६८. दुसरा, चौथा, सहावा बरोबर. रिव्हर्स दोनेक सेकंद थांबून लागतो.

उत्तर (लातूर)
रिव्हर्सचं सांगितलंत हे फार बरं झालं. तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स या तिन्हींत के३ क्लच लागतो (के म्हणजे आतले क्लच, बी म्हणजे ब्रेक). चौथा ठीक म्हणजे त्यात लागणारे के१, के२ शाबूत. दुसरा आणि सहावा ठीक म्हणजे बी१ सुद्धा. पॅन काढून के३ चा सोलेनॉइड (ऑइलचं प्रेशर सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) मोजा: २० अंशांना साधारण ५ ते ५.६ ओहम, ४० अंशांना त्याहून आठेक टक्के जास्त. रोध बरोबर आला तरी निर्धास्त होऊ नका, कचऱ्याने अडकलेला व्हॉल्व्ह मीटरवर ठणठणीतच दिसतो. सोलेनॉइड चालवून बघताना बॅटरी थेट जोडू नका, मध्ये २१ वॅटचा बल्ब घाला. मग व्हॉल्व्ह बॉडी (सगळे व्हॉल्व्ह बसवलेला ठोकळा) उतरवून के३ च्या भोकात ३ ते ४ बार हवा द्या. ‘ठक्’ असा आवाज आला तर क्लच हलतोय, दोष व्हॉल्व्ह बॉडीत. नुसता फुसफुसाट आला तर क्लचच्या ड्रमचे सील गेलेत, तेव्हाच गिअरबॉक्स उतरवा. तोवर घाटात नेऊ नका, दर घसरणीत के३ च्या प्लेटा जळतात.