क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल: तुम्ही त्यातून कसे बाहेर आलात?

नमस्कार. माझ्यापासून सुरुवात करते.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा विम्याने निम्मेच पैसे मंजूर केले. डिस्चार्जच्या काउंटरवर उभं राहून उरलेली रक्कम मी कार्डावर घासली. पहिलं बिल आलं तेव्हा हातात तेवढे पैसे नव्हते. ॲपमध्ये ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरायची रक्कम, लिहिलेली होती, तेवढे भरले. दंड लागला नाही, बँकेचा फोन आला नाही. मला वाटलं, हप्ता भरला गेला. असं वर्षभर चाललं. महिन्याला साधारण ६,००० भरत होते आणि बिलावरचा आकडा १,२०,००० च्या आसपास जिथल्या तिथे!

मग एका रविवारी सगळी स्टेटमेंटं काढून वही-पेन घेऊन बसले. व्याज महिना ३.६ टक्के, म्हणजे ४,३२०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७७८. मी भरलेल्या ६,००० मधले ५,०९८ तिथेच संपत होते, मुद्दल कमी होत होतं फक्त ९०२ रुपयांनी. वर त्याच कार्डावर मी किराणा घेत होते. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला ती बिनव्याजी मुदत मिळतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेलाच्या डब्यावर आणि तूरडाळीवर घेतल्या दिवसापासून व्याज चढत होतं.

दुसऱ्या बँकेतून वर्षाला १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन घेतलं आणि कार्ड एकरकमी मिटवलं. हप्ता बसला ५,७६२. जे ६,००० मी भरतच होते त्याहून कमी, आणि कधी संपणार ती तारीख ठरलेली. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून हा धागा. कमी व्याजाचं कार्ड, बॅलन्स ट्रान्सफर (एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेणं), पतसंस्था, सोनंतारण, जे केलंत ते आकड्यांसकट लिहा. नाव लिहू नका, गाव पुरे.

सातारा जिल्हा, प्राथमिक शिक्षक

ताई, तुमचा हिशेब दोनदा वाचला. माझी दोन कार्डं होती. मुलीच्या लातूरच्या क्लासची फी, होस्टेल, मेस. घरात सांगितलं नव्हतं. बिल ई-मेलवर येतं, घरात कागद येत नाही, त्यामुळे लपवणं सोपं जातं आणि तेच घातक.

आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज १० टक्क्यांनी मिळतं आणि कपात थेट पगारातून होते. हे माहीत असूनही दीड वर्ष गेलो नाही, कारण दोन जामीनदार लागतात. जामीन मागायचा म्हणजे कारण सांगायचं. शेवटी मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या सरांना सांगितलं. त्यांनी डबा बाजूला ठेवला, फॉर्म मागितला, सही केली आणि म्हणाले, “अहो, एवढ्यासाठी दीड वर्ष?” मी वऱ्हांड्यात जाऊन उभा राहिलो. चारचौघांत डोळे पुसायचे नव्हते.

दीड लाख मिळाले. वर्षाला ४५ टक्केवालं कार्ड आधी पूर्ण मिटवलं, दुसरं नंतर. जास्त व्याजाचं आधी, मग रक्कम लहान असो की मोठी.

एडिसन, न्यू जर्सी

इथली गोष्ट वेगळी आहे म्हणून लिहिते. दाताच्या कामाचे आणि नंतर गाडी दुरुस्तीचे मिळून ६,००० डॉलर २४ टक्क्यांच्या कार्डावर साठले होते. नव्या कार्डावर १५ महिने शून्य टक्के व्याज अशी बॅलन्स ट्रान्सफरची ऑफर मिळाली. फी ३ टक्के, म्हणजे १८० डॉलर. ६,१८० भागिले १५, महिना ४१२. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते आपोआप जातील अशी सोय केली.

दोन गोष्टी सांभाळल्या. त्या कार्डावर एकही खरेदी केली नाही, कारण शून्य टक्के होते ते आणलेल्या कर्जाला, खरेदीला नव्हते. आणि तारीख चुकवली नाही, हप्ता ६० दिवस थकला तर सवलतीचा दर जाऊ शकतो. २००९ च्या कार्ड कायद्यापासून इथल्या बिलावर एक चौकट असते: नुसतं किमान भरलंत तर किती वर्षं लागतील आणि ३६ महिन्यांत संपवायचं तर महिना किती भरा. माझ्या नवऱ्याने ती चौकट कापून फ्रिजवर लावली होती. रोज दूध काढताना दिसायची.

कोल्हापूर, निवृत्त बँक कर्मचारी

भारतातल्या वाचकांसाठी थोडं. रिझर्व्ह बँकेचे कार्डविषयक निर्देश मराठी माणसाने एकदा तरी नजरेखालून घालावेत. किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड कित्येक महिने-वर्षं लांबते आणि चक्रवाढ व्याज लागतं, हा इशारा बिलावर छापणं बँकेला बंधनकारक आहे. तो असतोच, बारीक अक्षरात. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय थकबाकीचा दंड लावता येत नाही. सगळं देणं फेडून कार्ड बंद करायला सांगितलंत तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे.

व्याजाला कायद्याने मर्यादा आहे असं अजूनही पुष्कळांना वाटतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे वरून कुणी व्याज कमी करेल याची वाट बघू नका. आणि कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. तिथे फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

फोंडा, गोवा

मी कमी व्याजाचं कार्ड प्रत्यक्ष वापरते. शिवणकाम करते, पगाराची स्लिप नाही, म्हणून साधं कार्ड कुणी देत नव्हतं. २५,००० ची एफडी ठेवून त्यावर कार्ड घेतलं. व्याज महिना सव्वादोन टक्के. बाकीच्यांपेक्षा कमीच, पण वर्षाचे २७ टक्के होतात. म्हणून ‘कमी व्याज’ ऐकून मी बिल थकवलेलं नाही. चतुर्थीच्या आधी कापड घाऊक घेते, गिऱ्हाइकांचे पैसे आले की तारखेच्या आत भरते. थकलं तर बँक एफडीतून वळतं करून घेईल, हे घेतानाच विचारून ठेवलं होतं.

जळगाव

मी दुकानदार. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने, दुसऱ्याचं ओळखीच्या मशीनवर कार्ड घासून कॅश घेऊन. दर खेपेला दोन-अडीच टक्के कापले जायचे. दोनाची चार कार्डं झाली. बायकोने पाटल्या काढून दिल्या, बँकेत सोनंतारण केलं, चारही मिटवली. पाटल्या गेल्या दिवाळीत सोडवल्या. रोटेशन करत असाल तर आजच थांबा, एवढंच हात जोडून सांगतो.

पिंपरी-चिंचवड

सेटलमेंटवर, म्हणजे थोडी रक्कम भरून बँकेशी तडजोड करण्यावर, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०२० मध्ये नोकरी गेली. कोरोनातली मार्च ते ऑगस्टची हप्तेसवलत घेतली, पण त्या काळातही व्याज चालू होतं. पुढे थकलं. वसुलीवाले मला सोडून माझ्या बहिणीच्या सासरी फोन करायला लागले. तिच्या सासूबाईंनी फोन उचलला त्या दिवशी मी जेवलो नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, नातेवाइकांना त्रास देता येत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ऑनलाइन होतं, फी नाही.

घाबरून मी निम्म्या रकमेत सेटलमेंट केली. चार वर्षांनी गृहकर्जाला गेलो तर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या, रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ लिहिलेलं. कर्ज नाकारलं. बँकेने तेव्हा सोडलेली रक्कम मी आता भरली, ‘नो ड्यूज’चं (काही देणं बाकी नाही असं) पत्र घेतलं आणि रिपोर्ट दुरुस्त करून घेतला. सेटलमेंटचा फोन आला तर आधी हे विचारा, की रिपोर्टमध्ये काय लिहिणार.

नांदेड

मी २४ वर्षांचा आहे. ६८,००० थकले आहेत, व्याज महिना पावणेचार टक्के. दर महिन्याला मिनिमम ३,४०० भरतो. आता दुसरी बँक नवीन कार्ड देतेय. घेऊ का? घरी माहीत नाही.

धागाकर्ती

दादा, आधी तुझा हिशेब. व्याज २,५५०, जीएसटी ४५९, मिळून ३,००९. तुझ्या ३,४०० मधून मुद्दल कमी होतंय ३९१. नवीन कार्ड नको. आहे त्या बँकेला फोन करून पूर्ण थकबाकीचे हप्ते करून माग. व्याज किती, प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी बंद केलं तर काय आकारणार, तिन्ही विचार आणि उत्तर ई-मेलवर घे. ॲपमधून ते कार्ड सध्या लॉक कर, म्हणजे पेट्रोलसुद्धा त्यावर जाणार नाही.

सातारा जिल्हा, प्राथमिक शिक्षक

बाळा, वडील नोकरीत असतील तर त्यांच्या पतसंस्थेत व्याज विचारायला सांग. त्यासाठी आधी त्यांना सांगावं लागेल. मी दीड वर्ष लावलं, तू लावू नकोस.

नांदेड

वडील एसटीत आहेत. त्यांची सोसायटी आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. कार्ड आत्ता लॉक केलं. शनिवारी गावी जातो, स्टेटमेंटं प्रिंट काढून नेतो.