कॅममधला (संगणकावर मशीनचा प्रोग्रॅम बनवण्यातला) जाणकार ओळखायचा कशावरून?

सेटिंगवाला:
परवा एका नवख्याने साधा प्रश्न विचारला. माइल्ड स्टील, १० मिमीचा कार्बाइड एंडमिल (फिरणारा कटर), अ‍ॅडॅप्टिव्ह रफिंग (कटरवरचा भार सारखा ठेवून केलेली ढोबळ कापणी), १ मिमी स्टेपओव्हर (दर फेरीला कटर बाजूला सरकतो ते अंतर). टूल किंचाळतंय आणि धार लवकर जातेय, काय करू? पहिलं उत्तर: 'मी पंधरा वर्षं मास्टरकॅमवर आहे, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) निम्मा कर.' दुसरं: 'मी एनएक्सवर पाच अक्षांचं काम करतो, तुझं सॉफ्टवेअरच बदल.' मग दोघं एकमेकांची वर्षं मोजत बसले. टूल होल्डरबाहेर (ते धरणाऱ्या पकडीबाहेर) किती आहे, हे एकानेही विचारलं नाही.

आणि फीडचा सल्ला तर उलटाच होता. स्टेपओव्हर व्यासाच्या १० टक्के असला की चिपची जाडी दर दातामागच्या फीडच्या साधारण ६० टक्केच भरते. तुम्ही ०.०५ मिमी दिलात, तर दात खरा ०.०३ कापतो. तो फीड निम्मा केला तर ०.०१५! कटर कापायचं सोडून घासायला लागतो आणि धार जाते ती तिथेच. मुलाने ऐकलं असतं तर दुसरा कटरही घालवला असता. माझं मत स्पष्ट आहे: आधी मशीन, मटेरियल, होल्डर विचारतो तो जाणकार. वर्षं नंतर सांगा.

पाचवा अक्ष:
असहमत. तुमचं चिपचं गणित बरोबर आहे, पण ते तक्त्यात मिळतं. वर्षांनी जे येतं ते तक्त्यात नसतं. आमच्याकडे नवीन पोस्ट (टूलच्या मार्गाचा मशीनला कळणारा कोड बनवणारा भाग) बसवला होता. सिम्युलेशन स्वच्छ, कुठेही लाल नाही. जुन्या सहकाऱ्याने कोड वाचता वाचता शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं: जी९० (आकडे जॉबच्या शून्यापासून मोज) चालू असताना जी२८ झेड० (दिलेल्या बिंदूवरून घरी जा). म्हणजे टूल घरी, मशीनच्या मूळ जागी, जाण्याआधी रॅपिडने (पूर्ण वेगाने) जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, झेड शून्यावर जाणार, आणि शून्य तर आम्ही जॉबच्या तळाला घेतलेलं. टूल सरळ जॉबमध्ये घुसलं असतं. तिथे जी९१ (आहे त्या जागेपासून मोज) हवा होता. आमचं सिम्युलेशन टूलपाथवर चालत होतं, पोस्टमधून निघालेल्या कोडवर नाही. ही नजर सहा महिन्यांत येत नाही, साहेब.

सेटिंगवाला:
मान्य, आणि त्या सहकाऱ्याला मी जाणकारच म्हणेन. पण त्यांनी ओळ दाखवली ना? 'माझी इतकी वर्षं झाली, म्हणून थांबा' एवढंच म्हणाले असते तर तुम्ही थांबला असता का?

पाचवा अक्ष:
हो, थांबलो असतो. त्यांनी याआधी दोनदा मशीन ठोकण्यापासून वाचवली होती. दर वेळी कारण ऐकायला वेळ असतोच असं नाही.

सिंगल ब्लॉक:
ऑपरेटर म्हणून लिहितोय. कॅमची कमांड न् कमांड पाठ, पण मशीनपाशी कधी उभे नाहीत असे प्रोग्रॅमर मी रोज बघतो. टूल ३० मिमी बाहेर हवं तिथे ६० मिमी काढायला लावतात, कारण स्क्रीनवर होल्डर घासत होता. लांबी दुप्पट झाली की टूल आठपट वाकतं. भिंत तिरकी आली की शिव्या आम्हाला. असल्या ज्ञानाला मी तरी मान देणार नाही.

बॉलनोज:
दादा, राग समजतो, पण दुसरी बाजूही ऐका. १० मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचा कटर), फिनिशिंगला ०.२ मिमी खोली. सपाट भागावर टूल जेमतेम २.८ मिमी व्यासावर कापतं. म्हणून मी आरपीएम मुद्दाम चढा देतो. ऑपरेटर 'आवाज जास्त वाटतो' म्हणून ओव्हरराइड (मशीनवरचं वेग कमी-जास्त करायचं बटण) खाली ओढतो, आणि फिनिश खरखरीत आला की प्रोग्रॅम वाईट! वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूसही हे करतो. कानावर विसंबणं हाही एक समजच आहे, तपासावा लागतो.

सिंगल ब्लॉक:
मग सेटअप शीटवर लिहा ना, ओव्हरराइडला हात लावू नका आणि का लावू नका ते. नुसता आकडा आला तर मी माझ्या कानावरच जाणार.

बॉलनोज:
हे बरोबर बोललात. यापुढे लिहीन.

नवखा (मूळ प्रश्न माझाच):
मी मोजलं. टूल ५५ मिमी बाहेर होतं, ३२ वर आणलं. फीड न उतरवता थोडा वाढवला. किंचाळणं थांबलं, चिपही आता जाड पडतेय. फक्त पॉकेटच्या (कोरलेल्या खोलगट भागाच्या) एका बाजूला भिंतीवर अजून लाटा दिसतात, बाकी तीन बाजू स्वच्छ आहेत.

पाचवा अक्ष:
ती भिंत किती जाडीची आहे, आणि व्हाइसच्या जबड्याच्या किती वर येते?