ख्रिसमस बेटावरचे लाल खेकडे बघायला जायचंय, रजा कधीची टाकू?

नमस्कार मंडळी,

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर (ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीत येतं) लाल खेकड्यांचं स्थलांतर बघायची फार इच्छा आहे. बाकी सगळी जुळवाजुळव झाली, पण घोडं अडलंय ते तारखांवर. कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

आतापर्यंत वाचून समजलं ते असं. पावसाळ्याची सुरुवात झाली, म्हणजे बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, की जंगलातले कोट्यवधी खेकडे समुद्राकडे निघतात. आधी नर पोचून किनाऱ्याजवळ बिळं खणतात आणि मीलन झालं की माघारी फिरतात. माद्या मात्र पोटाशी अंडी धरून ओलसर बिळात साधारण दोन आठवडे बसून राहतात. मग वद्य अष्टमीच्या आसपास, पहाटे उजाडायच्या आधी, भरती ओसरायला लागली की पाण्याच्या कडेला येतात आणि अंग झटकून अंडी समुद्रात सोडतात. एकेकीची लाखभर अंडी! पाण्याला लागताच ती फुटतात म्हणे. मला नेमकं हेच बघायचंय. नुसते रस्त्यावरचे खेकडे बघून परत यायचं नाही.

चंद्राचा हिशोब पक्का आहे, पावसाचा नाही. पाऊस लांबला तर सगळं एक महिना पुढे जातं, कधी जानेवारीही उजाडतो. तिथले राष्ट्रीय उद्यानवाले संभाव्य तारखा आधी जाहीर करतात, पण तिथे जाणारी विमानं मोजकीच आणि रजा मला बरीच आधी सांगावी लागते. अशा वेळी नोव्हेंबरची अष्टमी धरावी की डिसेंबरची? चार दिवस आधी पोचलं तर पुरेल का?

बहीण म्हणते, त्यापेक्षा पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांवर चल, तिथले प्राणी बारा महिने दिसतात. तिचं खरं आहे. पण उडता न येणारा पाणकावळा फक्त इसाबेला आणि फर्नांडिना या दोनच बेटांवर आहे, म्हणजे पश्चिमेकडची बोटीची सफर आली, आणि मला बोट लागते. शिवाय ख्रिसमस बेटावर खेकडे हुकले तरी नारळ फोडणारे दांडगे खेकडे आहेत, आणि ॲबट्स बूबी हा समुद्रपक्षी तर जगात फक्त तिथेच घरटी करतो. त्यामुळे माझं मन तिकडेच ओढ घेतंय.

आणखी एक काळजी. पिवळ्या वेड्या मुंग्यांनी (यलो क्रेझी अँट्स, बाहेरून आलेली मुंग्यांची जात) तिथले कितीतरी खेकडे आधीच मारलेत, त्यात आपल्या गाडीखाली एकही यायला नको. स्थलांतराच्या दिवसांत काही रस्ते बंद असतात, तर गाडी न घेता नुसतं चालत भागतं का?

आईही सोबत येतेय. ओल्या खडकांवर उतरणं तिला जमणार नाही. फ्लाइंग फिश कोव्हचा किनारा वस्तीला लागूनच आहे, तर पहाटे तिथे उभं राहून माद्या अंडी सोडताना नीट दिसतात का? आणि टॉर्च लावलेली चालते का?