मागच्या एक्सलचं हाउसिंग वाकलंय: गॅसवर सरळ करायचं की दुसरं टाकायचं?

केळीवाला, रावेर
राम राम मंडळी. गाडी 1996 ची महिंद्रा कमांडर जीप. वडिलांच्या काळात काळीपिवळी होती, आता मळ्यात असते. केळीचे घड, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, मजूर, दोन-चार वऱ्हाडं, सगळं हिनेच ओढलं.

दोन महिन्यांपासून मागचं डावं चाक वरून आत झुकलेलं दिसतंय. टायर आतल्या कडेने खाल्लाय, हात फिरवला की करवतीसारखा लागतो. त्याच बाजूचं ऑइल सील दोनदा बदललं, तरी परत गळतंय. ब्रेकचा ड्रम उघडला तर लायनर ऑइलने भिजून काळे झालेले.

मिस्त्री म्हणतात, हाउसिंग, म्हणजे चाकं फिरवणारे शाफ्ट ज्यात असतात ते लोखंडी कवच, वाकलंय. गाडीवरच गॅसने तापवतो, जॅकने दाबतो, संध्याकाळी घेऊन जा. साडेतीन हजार. शालक म्हणतो, एकदा लाल केलेलं लोखंड मेलं समजा, कटिंगच्या, म्हणजे भंगारात तोडलेल्या गाडीचं हाउसिंग आणा. त्याचे चौदा हजार सांगताहेत. घरात यावरून दोन पक्ष पडलेत. तुम्ही कोणत्या पक्षात?

लेथवाला आप्पा, भुसावळ
सरळ होतं. आयुष्य यातच गेलं. पण गाडीवर ठेवून संध्याकाळी देतो म्हणणारा माणूस सरळ करत नाही, अंदाज करतो.

तुमच्या जीपचं हाउसिंग म्हणजे मधे डिफरन्शियलचा ओतीव गोळा आणि दोन्ही बाजूंनी त्यात दाबून बसवून वेल्ड केलेल्या नळ्या. गोळ्याला आच लावायची नाही, कामच नाही त्याचं. वाकते ती नळी, बहुतेक वेळा पाट्याच्या (स्प्रिंगच्या) बैठकीजवळ. चाकं टेकलेली जमिनीवर, वजन येतं बैठकीवर, मग मधला भाग खाली बसतो, टोकं वर जातात आणि चाक वरून आत पडतं. तुमचं तेच झालंय.

हाउसिंग पूर्ण उतरवायचं. ऑइल काढायचं, शाफ्ट, बेअरिंग, सील, शू, ब्रेकची नळी, सगळं बाजूला. गोळ्यातल्या बेअरिंगच्या जागी दोन चकत्या, नळीच्या टोकाला एक चकती, आणि आरपार घासून सरळ केलेला बार. बार टोकाच्या चकतीच्या भोकात मधोमध आला तर नळी सरळ. खालच्या अंगाला चिकटला तर किती चिकटला ते फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचं. मग नळीच्या खालच्या अंगाला, जिथे वाक आहे तिथेच, अरुंद पट्टा गडद लाल होईपर्यंत तापवायचा आणि सोडून द्यायचा. तापताना ती आणखी वाकते, नवीन पोरं घाबरतात. गार होताना आखडते आणि टोक खाली येतं. बार घालून बघायचं, कमी पडलं तर शेजारी दुसरा पट्टा. जॅकने दाबायची गरज फार क्वचित लागते.

सातपुड्याचा ड्रायव्हर
आप्पा, तुमचा मान राखून सांगतो, हे लेथवर छान दिसतं. मी तळोदा-धडगाव लाईनला जीप चालवली आहे. माझं हाउसिंग एकदा सरळ केलं, आठ महिन्यांनी परत वाकलं. पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी चांदशैली घाटात उतरताना मागून कट्ट आवाज आला. खाली उतरून पाहतो तर नळी गोळ्यात जिथे घुसते तिथे वेल्ड फुटलेला आणि नळी हलती. गाडीत चौदा माणसं. त्या दिवसापासून वाकलेलं हाउसिंग माझ्यासाठी भंगार.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. मोठ्या ट्रकला एक्सल शाफ्ट तुटला तर चाक जागेवर राहतं, कारण वजन हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बेअरिंगांवर असतं आणि शाफ्ट फक्त फिरवतो. आपल्या जुन्या जीपला तसं नाही. शाफ्टच वजन घेतो. बेअरिंगच्या बाहेर तुटला की चाक ड्रमसकट तुमच्या पुढे पळतं. साडेदहा हजार वाचवायला हा खेळ?

लेथवाला आप्पा, भुसावळ
चौदा माणसं? त्या गाडीत बसतात किती?

सातपुड्याचा ड्रायव्हर
आप्पा, टपावरची धरली नव्हती.

गिरणाकाठ
दोन पक्षांचं भांडण चालू द्या, पण केळीवाले भाऊ, हाउसिंगच वाकलंय हे ठरवलं कोणी? नजरेने?

आधी ब्रीदर बघा. हाउसिंगच्या वर हवा जायची छोटी टोपी असते, मळ्याच्या धुळीने ती बुजते. ऑइल तापलं की आत दाब होतो आणि सीलातून बाहेर येतं. नवीन सीलही गळणारच.

मग मोजा. गाडी कोब्यावर घ्या, गवंड्यासारखी पाण्याची नळी लावून दोन्ही चाकांखालची लेव्हल बघा. चाकासमोर ओळंबा सोडा. दोऱ्यापासून रिमची वरची कड किती, खालची कड किती, ते लिहा. टायरवर मोजू नका, खाली तो फुगलेला असतो. नंतर गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा आणि परत मोजा. फरक चाकाबरोबर उलटा झाला तर रिम किंवा शाफ्ट वाकडा. जिथल्या तिथे राहिला तर हाउसिंग. सोळा इंची रिमला 7 मिलिमीटर फरक म्हणजे साधारण एक अंश.

झुकावापेक्षा मला भीती चाक आडवं होण्याची. खड्ड्यात आदळून नळी मागे वाकली तर चाकाचं तोंड बाहेर वळतं. टायरच्या पुढच्या आणि मागच्या अंगात 3 मिलिमीटरच फरक धरा. सव्वासातशे मिलिमीटरच्या टायरला दर किलोमीटरमागे चार मीटर तो आडवा घासला जातो. रावेर ते जळगाव करून या आणि मग टायरवाल्याला शिव्या द्या.

पारोळ्याचा भाचा
इतकं काय मोजता भो! खालून जाड पट्टी वेल्ड मारी द्या, आख्खी जिंदगी वाकत नई. मन्हा मामानी तसंच कयं, गाडी अजून चालस.

लेथवाला आप्पा, भुसावळ
मामांना सांगा, बार घालून बघा. लांब वेल्ड गार होताना आखडतो, ज्या अंगाला मारला तिकडे नळी ओढतो. पट्टी मारून मजबूत केलेली पण कायमची वाकडी हाउसिंगं माझ्या दारात पडली आहेत. मारायचीच तर सरळ केल्यावर, तुकड्यातुकड्याने, मधेमधे बार घालून. आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर हाउसिंगलाच लावा. चासीला लावलीत तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर डाग पडतात.

मूळचा अमळनेरचा, आता चाकण
मी कारखान्यात तपासणीला असतो, त्यामुळे माझं मत कडू लागेल. तापवलेल्या नळीचं लोखंड मेलं वगैरे काही नसतं, ते मऊ पोलाद आहे, गडद लाल करून हवेत गार केलं तर फार बिघडत नाही. बिघडतं ते जिथे आधीच बारीक तडा आहे तिथे. सातपुड्याच्या भाऊंची नळी गॅसने फुटली नाही, ती आधीपासून चिरत होती आणि कोणी पाहिलं नाही. बैठकीचा आणि गोळ्याजवळचा वेल्ड रॉकेलने भिजवा, कोरडा पुसा आणि त्यावर खडू फासा. तडा असेल तर रॉकेल त्यातून परत वर येतं, पांढऱ्यावर काळी रेघ दिसते. रेघ दिसली की माझं मत बदलण्याकडे. नाही दिसली तर आप्पांकडे.

सातपुड्याचा ड्रायव्हर
म्हणजे शेवटी बदलाच ना! रेघ न दिसलेला तडा घाटात दिसतो.

लेथवाला आप्पा, भुसावळ
बदला की. पण कटिंगची गाडी कटिंगला का गेली असेल? तिचंही हाउसिंग बार घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. जळगावच्या अजिंठा चौफुलीवरून आणलेलं एक माझ्याकडे आलं होतं, ते गिऱ्हाइकाच्या जुन्यापेक्षा जास्त वाकडं. वर नुसतं हाउसिंग आणलंत तर क्राउन-पिनियन (गोळ्यातले दातेरी गिअर) नव्याने शिम (पातळ चकत्या) लावून बसवावं लागतं. चौदा हजारात ती मजुरी धरली आहे का? शिम चुकले की चाळीसच्या पुढे गाडी रडते. आख्खा एक्सल आणलात तर दात मोजा, रेशो वेगळा निघाला तर पिकअपला कळेल.

केळीवाला, रावेर
काल ओळंबा सोडला. ब्रीदर बुजलेला होताच, तारेने कोरून काढला, काळा चिखल निघाला. पण डाव्या चाकाला वर-खाली 11 मिलिमीटर, अर्धा फेरा फिरवून 10. उजव्याला 2. पुढे-मागे दोन्हीकडे सारखं.

रॉकेल-खडू केला. रेघ नाही.

गिरणाकाठ
म्हणजे दीड अंशाच्या आसपास, आणि हाउसिंगच. ब्रीदरमुळे दोन सीलं मात्र फुकट गेली. एक विचारू? जास्तीचा पाटा टाकलाय का?

केळीवाला, रावेर
दोन.

पारोळ्याचा भाचा
😄 आते समजनं!

गिरणाकाठ
त्यात हसण्यासारखं काही नाही, सगळा खानदेश हेच करतो. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, म्हणून वाटतं वजन पेलतंय. पाटा बसत नसला तरी वजन नळीवर तेवढंच येतं. उलट पूर्वी गाडी टेकायची तेव्हा आपण दोन घड उतरवायचो. आता ती खूण गेली.

केळीवाला, रावेर
हाउसिंग उतरवून भुसावळला आणलं. आप्पांच्या दारात बसून लिहितोय. बार घातला तर टोकाच्या चकतीत खालच्या बाजूला घट्ट, वर बोट जाईल एवढी फट. पहिला पट्टा तापवला तेव्हा खरंच आणखी वाकलं, मी उठून उभा राहिलो. आप्पांनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत बार सैल झाला होता. दुसरा पट्टा थोडा पुढे, त्यानंतर बार हाताने फिरला. पाणी मारू का विचारलं तर म्हणाले, "घाई तुला आहे, लोखंडाला नाही."

शाफ्टचे दात डाव्या बाजूला तिरके खाल्लेले निघाले, तो शाफ्ट बदलतोय. एक पाटा काढायचा ठरवलंय. सातपुड्याचे भाऊ, राग मानू नका.

सातपुड्याचा ड्रायव्हर
राग कशाचा. शाफ्ट बदलला हे बरं केलं. पण मी अजून माझ्याच मतावर. सहा महिन्यांनी ओळंबा सोडून आकडा इथे टाका. एकच पाटा काढणार?

केळीवाला, रावेर
एकच. शुक्रवारी माल आहे. निम्मीच भरणार.

लेथवाला आप्पा, भुसावळ
निम्मी म्हणजे किती घड, ते आधी सांग.