गवतावर विमान उतरवणं खुळेपणा आहे का?

जुळे_सोलापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, "गवतावर विमान उतरवणं म्हणजे आत्महत्या, असल्या धावपट्ट्या बंदच करा." वाचून डोकं फिरलं. अहो, गवताआधी वेग बघा! १० टक्के जादा वेगानं आलात की थांबायला साधारण २१ टक्के जादा जागा लागते. विमान तरंगत राहतं, शिकाऊ घाबरून नियंत्रणाचा दांडा पुढं ढकलतो, नाक खाली जाऊन पुढचं चाक आधी आपटतं आणि नाकावरचा पंखा जमिनीत. हे डांबरावरही होतं. उलट आडव्या वाऱ्यात जरा तिरकं टेकलं तर गवतावर चाक थोडं सरकून घेतं, डांबर जागीच धरतं.

काळी_माती: "सरकून घेतं", तेच तर दुखणं आहे बे! ओल्या गवतावर ब्रेक दाबला तरी चाक नुसतं घसरतं. ब्रिटिश विमान प्राधिकरणच सांगतं, कोरड्या गवतावर १५ टक्के जादा लांबी धरा, ओल्यावर ३५, अगदी आखूड ओल्या गवतावर ६० पर्यंत. आणि आपली जमीन? सोलापूरजवळ बोरामणीकडं पावसात मोटरसायकल शेतातून घातली होती. मडगार्डात चिखल बसला, पुढचं चाक फिरेना, मी हँडलवरून पुढं, बायको माझ्यावर. विमानाचं पुढचं चाक असं रुतलं तर शेपूट वर, सगळं पालथं.

होटगी_रोड: बोरामणी म्हणालात म्हणून विचारतो, तिथला विमानतळ वनजमिनीत अडकला, त्याचं काय? इथं सोलापुरात विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, गोव्याचं विमान उडायला ९ जून २०२५ उजाडला. आधी डांबरावरचं बघा, मग गवत.

ऊसवाला: चिमणीचं नाव काढू नका. तुम्हाला गोव्याला जायचं होतं, आमचा ऊस फडात वाळला.

होटगी_रोड: चिमणी विमानाच्या वाटेत होती, ऊस नव्हता.

ऊसवाला: एसीत बसून बोलायला काय जातंय तुमचं?

मास्तरीणबाई: दोघंही गप्प बसा, धागा गवताचा आहे. माझा भाचा इंग्लंडात सेसना १५२ या दोन आसनी छोट्या विमानावर शिकला. पहाटेचं दव, आखूड गवत. टेकला छान, पण ब्रेक लागेना. शेवटी कुंपणात. पंखा वाकला, पोराला खरचटलंसुद्धा नाही. प्रशिक्षकानं एकच विचारलं, "उतरण्याआधी खाली कुणाला विचारलंस, गवत ओलं आहे का?" विचारलंच नव्हतं.

जुळे_सोलापूरकर: म्हणजे चूक भाच्याची, गवताची नाही. मी तेच म्हणतोय.

मास्तरीणबाई: भाऊ, कुंपणाला धडकल्यावर चूक कुणाची हे विमानाला कळत नाही.

काळी_माती: बरं, घ्या. मुरमाचा माळ, उन्हाळा, गवत कापलेलं, पट्टी आधी पायानं चालून तपासलेली, तर उतरा बापडे. जुलैत माझ्या शेतावर घिरट्या घालू नका, ट्रॅक्टर लावून ओढायचं भाडं घेईन.

जुळे_सोलापूरकर: एवढं कबूल केलंत, उपकार झाले.

ऊसवाला: आणि चिमणी?